उद्यमनगरातून मेलनं पाठवलेलं कोटेशन समोरच्याला जीमेलमध्ये अर्धवट दिसतं, खालची बेरीज आणि जीएसटी गायब. काय करावं?

बहुतेक वेळा मेल पूर्ण पोचलेला असतो, जीमेल फक्त खालचा भाग झाकतं. मजकूर १०२ केबीच्या वर गेला की असं होतं. जोडलेली फाइल त्यात धरत नाहीत. समोरच्याला अगदी तळाशी ‘संपूर्ण मेसेज पाहा’ अशी लिंक दिसेल, ती दाबायला सांगा.

खरं कारण बहुधा एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता. प्रत्येक चौकटीमागे रंग, रेषा, फॉन्टचा कोड येतो, वीस ओळींचा तक्ताही फुगतो. त्यात जुन्या उत्तरांची शेपटी! ती काढा, तक्ता पीडीएफ करून जोडा. दराचा आकडा कापला जाणं धंद्यात परवडत नाही, म्हणून एकूण रक्कम मजकुरात वरच लिहा.

लिंकच नसेल तर समोरच्याला जीमेलमध्ये ‘मूळ मेसेज दाखवा’ उघडायला सांगा. तिथंही मजकूर तुटका असेल, तर बिघाड पाठवणाऱ्याकडे किंवा वाटेतल्या सर्व्हरवर.