वाटाघाटी, बोलणी, तह की मांडवली?

तुमचा प्रश्न असा की युद्धाच्या बातमीत कधी 'चर्चा' असते, कधी 'बोलणी', कधी 'वाटाघाटी', तर यात फरक काय, आणि दोन देशांची 'मांडवली झाली' म्हटलं तर चालेल का.

चर्चा सगळ्यात सैल. काही द्यायचं-घ्यायचं बंधन नाही, चहा पिऊन उठले तरी चर्चा झालीच. बोलणी लावावी लागतात, बहुतेक वेळा मधे कोणीतरी लागतो (लग्नाची बोलणी आठवा). वाटाघाटी म्हटलं की मात्र दोघांकडेही सोडण्यासारखं काहीतरी पाहिजे. मला तरी त्या शब्दात वाटणं आणि घाटणं ऐकू येतं, तेच तेच परत परत, म्हणून तर आपण तो अनेकवचनातच वापरतो. एकाने अटी लादल्या आणि दुसऱ्याने मुकाट सही केली तरी पेपरवाले 'वाटाघाटी यशस्वी' छापतात ते मला खटकतं.

उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या युद्धाचं बघा. जुलै 1951 मधे बोलणी सुरू झाली, सही झाली 27 जुलै 1953 ला, मधली दोन वर्षं लढाई चालूच, आणि घोडं अडलं होतं मुख्यतः युद्धकैद्यांवर, की ज्यांना परत जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का. याला वाटाघाटी म्हणायचं! पण एवढं करून झाली ती फक्त शस्त्रसंधी, तह अजून नाहीच. शस्त्रसंधीने बंदुका थांबतात, तहाने कोणाला काय मिळालं ते कागदावर येतं.

तहाचं उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. मराठे आणि इंग्रज यांच्यातला 1782 चा सालबाईचा तह, मधे महादजी शिंदे, जे स्वतः मराठ्यांच्या बाजूने लढलेले आणि तरी दोन्ही बाजूंचे हमीदार. त्यात वसई मराठ्यांना परत मिळाली पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली, म्हणजे आजचं वांद्रे, अंधेरी, बोरिवली सगळं. तेव्हा अशी बोलणी करणाऱ्याला वकील म्हणायचे बरं का, कोर्टाचा काही संबंध नाही.

आता मांडवली. हा आपला मुंबईचा खास शब्द, पोलीस-कोर्ट टाळून एखाद्या दादाला मधे घालून, बऱ्याचदा पैसे देऊन प्रकरण मिटवायचं. त्यात कागद नसतो, साक्षीदार असलाच तर तोंड उघडत नाही. तेव्हा पडद्यामागच्या सौद्यावर टोमणा मारायचा असेल तर खुशाल लिहा, साध्या बातमीच्या मथळ्यात मात्र नको.