टाइमशीटमध्ये न मावणारे तास

प्रिय वाचक,

तुम्ही पत्रात ठिकठिकाणी क्षमा मागितली आहे. तिची काहीच गरज नव्हती. एका जनसंपर्क एजन्सीत तुम्ही तीन वर्षे अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून काम करत आहात, पाच क्लायंट सांभाळत आहात आणि रोज अकरा तास राबूनही टाइमशीटमध्ये आठच तास भरावेत, अशी तुम्हाला तोंडी ताकीद आहे. रात्री उशिरा ग्रुपवर ‘सकाळपर्यंत होईल ना?’ असा निरोप येतो, त्याखाली मिनिटभरात सगळ्यांचे अंगठे उमटतात आणि आपलाही अंगठा दिसला पाहिजे म्हणून तुम्ही उठून बसता. सोडून गेलेल्या सहकाऱ्यांनी नोकरीविषयक संकेतस्थळावर कडवट अभिप्राय लिहिले आहेत, त्यांवर उतारा म्हणून आता वरिष्ठांनी प्रत्येकाला पाच ताऱ्यांची निनावी स्तुती लिहायला सांगितली आहे. आपणच या क्षेत्रासाठी कच्च्या आहोत का, ती स्तुती लिहावी का आणि नोकरी सोडावी का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या स्वभावात शोधू नका, ते एजन्सीच्या हिशेबात आहे. बहुतेक एजन्सींचे उत्पन्न रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेवर चालते. पिच, म्हणजे नवे काम मिळवण्यासाठी क्लायंटपुढे केलेले सादरीकरण, जिंकण्याच्या ओढीत रक्कम कमी आणि आश्वासने भरपूर, असा करार होतो. मग क्लायंट आणखी एक प्रसिद्धिपत्रक, आणखी एक मुलाखत, आणखी एक भाषण मागत राहतो आणि अकाउंट, म्हणजे त्या क्लायंटचे काम, हातचे जाईल या भीतीने त्याला कोणी नाही म्हणत नाही. समजा, करार महिन्याला चाळीस तासांचा आहे आणि प्रत्यक्षात सत्तर तास लागतात, तर वरचे तीस तास कुठून तरी यावे लागतात आणि ते सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या संध्याकाळींतून येतात. टाइमशीटमध्ये आठच तास दिसले की ते अकाउंट कागदोपत्री फायद्याचे ठरते, पुढच्या वर्षी त्याच रकमेवर नूतनीकरण होते आणि जादा माणूस घेण्याचे कारण उरत नाही. तुम्ही न लिहिलेले रोजचे तीन तास हीच त्या क्लायंटला मिळालेली सवलत आहे, आणि ती देण्यापूर्वी तुम्हाला कोणी विचारलेले नाही.

या कामात निकाल आपल्या हातात नसतो, हेही विसरू नका. बातमी लागणे न लागणे संपादकीय विभागावर अवलंबून असते. एखादी मोठी घटना घडली की महिनाभर जमवून आणलेली बातमी त्या दिवशी गळते, आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटला उत्तर मात्र तुम्ही द्यायचे असते. ही झाकपाक करण्यासाठी कव्हरेज रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या बातम्यांच्या अहवालात, बातमीने व्यापलेल्या जागेला जाहिरातीच्या दराने गुणून फुगवलेला आकडा टाकतात. तो भरताना लाज वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. ती लाज रास्त आहे, कारण २०१० साली बार्सिलोना येथे या व्यवसायातल्याच लोकांनी मान्य केलेल्या तत्त्वांमध्ये, असा आकडा म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे.

रात्रपाळी या धंद्यात कधीच नसावी, असे मी म्हणणार नाही. क्लायंटच्या कारखान्यात अपघात झाला, सदोष माल बाजारातून परत घ्यावा लागला, तर रात्री बसावेच लागते आणि अशा रात्रींत शिकायलाही खूप मिळते. परंतु नव्या बोधचिन्हाची घोषणा ही आणीबाणी नव्हे, आणि या दोहोंतला फरक ज्या वरिष्ठांना करता येत नाही, त्यांच्या हाताखाली प्रत्येक रात्र सारखीच निकडीची होते.

ती निनावी स्तुती लिहू नका. ती वाचून कोणीतरी आपली चालू नोकरी सोडून तुमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसणार आहे. शिवाय आपले काम उघडपणे चालते, कोठेही लपूनछपून चालत नाही, असे आधुनिक जनसंपर्काच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या आयव्ही ली यांनी १९०६ साली वृत्तपत्रांना लेखी कळवले होते. त्या व्यवसायातल्या संस्थेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून छुपी प्रसिद्धी करून घ्यावी, हे मला विशेष खटकते. नकार देताना वाद घालू नका. ‘तिथे लिहिणे मला योग्य वाटत नाही, पण काय बदलावे याविषयी मी समोर बसून बोलायला तयार आहे,’ एवढे पुरे. रागाच्या भरात उलट टोकाचा अभिप्रायही नोकरीत असताना लिहू नका. सहा जणांच्या टीममध्ये निनावी कोणीच राहत नाही.

आता महिनाभर स्वतःच्या वहीत अकाउंटनिहाय खरे तास लिहा, मात्र क्लायंटची गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नका. ती वही घेऊन वरिष्ठांकडे जा आणि दमल्याची तक्रार करण्याऐवजी सरळ विचारा, की यातले कोणते काम कमी करायचे, की क्लायंटशी रकमेविषयी बोलायचे. त्यांनी आकड्यांवर चर्चा केली, तर थांबण्यात अर्थ आहे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे उत्तर मिळाले, तर नोकरी शोधायला लागा, कारण हे नाते पगारवाढीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

तुमच्याच हिशेबाने पाच दिवसांचे पंचावन्न तास होतात. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली नोंदवले आहे. फोन वाजला की छातीत धडधडते आणि झोप लागत नाही, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे. त्यासाठी डॉक्टरांना या महिन्यातच भेटा.

नोकरी बदलताना नव्या ठिकाणी एका माणसाकडे किती अकाउंट असतात, तुम्ही ज्यांच्या जागी येणार ते का गेले आणि टाइमशीटमध्ये जास्त तास दिसले तर काय होते, हे मुलाखतीत विचारा. उत्तर देण्याआधी समोरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले, तर तेही लक्षात ठेवा. कंपन्यांच्या अंतर्गत संपर्क विभागात वेळा थोड्या बऱ्या असतात, पण तिथे एकच क्लायंट आणि तोच मालक, याची तयारी ठेवा. निघताना मीडिया लिस्ट, म्हणजे पत्रकारांच्या संपर्कांची यादी, किंवा क्लायंटची कागदपत्रे सोबत नेऊ नका. प्रसिद्ध झालेल्या कामाचे नमुने पुरेसे आहेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. तुमच्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीला तुम्हीही ‘आठच तास भर’ असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. तिच्या टाइमशीटला मंजुरी तुम्ही देता. या आठवड्यापासून तिला खरे तास लिहू द्या, आणि वरून विचारणा झाली, तर तिला पुढे न करता उत्तर तुम्ही द्या.