मानेवरचे तपकिरी ओघळ: बुरशी नव्हे, स्प्रेतलं लिंबू

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वाळ्याचं पाणी, गुलाबपाणी, पुदिना आणि दोन लिंबांची किसलेली साल घालून तुम्ही उन्हाळ्यासाठी अंगावर मारायचा स्प्रे केलात. चार दिवस वापरल्यावर मानेवर आणि डाव्या हातावर तपकिरी ओघळ उमटले. आधी आग झाली, खाज मात्र नाही. कुणी बुरशी म्हणतंय, कुणी नागीण, आणि सासूबाईंनी डागांवर लिंबू चोळायला सांगितलंय. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. कृपा करून लिंबू चोळू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच ऐका.

मी डॉक्टर नाही. अकोल्यात पोस्टाच्या आरडीची एजंट म्हणून बरीच वर्षं फिरते आहे. पंधरा तारखेच्या आत लोकांचे पैसे गोळा करून भरायचे असतात, मग मे महिना असो की काही असो, भर दुपारी गाडी काढावीच लागते. २०१८च्या मे महिन्यात मी अगदी तुमच्यासारखाच स्प्रे केला होता. माझ्यात लिंबाचा रसही होता. वास इतका सुरेख की सिग्नलला थांबले की मानेवर दोन फवारे, हातावर दोन फवारे.

तिसऱ्या दिवशी उजव्या कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीची एक रेघ दिसली, खाली टोकाला थेंबासारखी गोल. डाव्या हातावर तीन पट्टे, मधेमधे बारीक ठिपके. घड्याळाच्या पट्ट्याखाली मात्र कातडी स्वच्छ. दुपट्ट्याखाली झाकलेला खांदाही स्वच्छ. आज कळतं की सगळं उत्तर तिथेच लिहिलेलं होतं. उजव्या हातात बाटली धरून मी डाव्या हातावर फवारत होते आणि बोटांनी पुसत होते. ते तीन पट्टे म्हणजे माझीच तीन बोटं. जिथे पाणी ओघळलं आणि वर ऊन पडलं, तिथेच डाग. बुरशी अशी ओघळत नाही. ती गोल चकंदळासारखी कडेने पसरते आणि खाजून जीव नकोसा करते. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि ठणकते. तुमचे डाग आरशात याच नजरेने एकदा बघा.

आता माझी घोडचूक. लिंबाने काळेपणा जातो हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी अर्धं लिंबू घेतलं, ते त्या डागांवर पाच मिनिटं चोळलं, नुसत्या पाण्याने धुतलं आणि वसुलीला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे फोड. रात्रभर ओला कपडा लावून बसले. फोड पंधरा दिवसांत गेले, पण त्याखालचे गडद डाग दिवाळीपर्यंत होते. लोक विचारायचे, तेल उडालं का?

त्यात भर घातली एका मेडिकलवाल्याने. हात बघितला न बघितला, 'गजकर्ण आहे' म्हणाला आणि ट्यूब दिली. तीन-चार औषधं एकत्र असलेली, त्यात जोरदार स्टिरॉइड. दहा दिवस लावली. मानेची कातडी पातळ, लाल झाली, ऊन लागलं की चरचरायची. त्यानंतर ज्या दवाखान्यात गेले तिथे तर मला रक्ताच्या चार तपासण्या लिहून दिल्या. पण अंगाला काय लावलं होतं हे एकाही माणसाने विचारलं नाही. एवढा एक प्रश्न विचारला असता तर माझे कितीतरी पैसे आणि दोन महिने वाचले असते. अजून आठवलं की संताप होतो. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तो प्रश्न विचारला आणि दोन मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं.

त्यांनी बावची या औषधी बियांचं उदाहरण दिलं. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात हे आपल्याकडे जुनं आहे. बावचीत जे द्रव्य असतं त्याच जातकुळीची द्रव्यं लिंबाच्या सालीत असतात. रसात कमी, सालीत कितीतरी जास्त, आणि आपलं कागदी लिंबू याबाबतीत परदेशी मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा (लेमन) तिखट. नुसती ती लागली तर काही होत नाही, नुसतं ऊन लागलं तरी नाही. दोन्ही एकत्र आलं की कातडी भाजते. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे 'मला लिंबू कायम चालतं' याला अर्थ नाही. आणि भाजल्याचं लगेच कळत नाही, साधारण एक दिवसाने सुरू होतं, दोन-तीन दिवसांत वाढतं. तेवढ्यात आपण स्प्रे विसरून जातो. म्हणूनच सगळे फसतात. उन्हात लिंबू पिळून सरबताच्या गाड्यावर काम करणाऱ्यांच्या हातांवर असे डाग मी नंतर पाहिले, तेव्हा ओळखता आले.

तुम्ही आता एवढंच करा: डागांवर ऊन पडू देऊ नका, पूर्ण बाह्या आणि दुपट्टा, उघड्या भागावर सनस्क्रीन. घासू नका, सोलू नका, हळद-बेसनही नको. फोड असतील किंवा पाणी येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि बाटलीत काय होतं ते स्वतःहून, विचारायची वाट न बघता सांगा. डाग जायला काही आठवडे ते काही महिने लागतात. घाई केली की वाढतात, हे माझ्यावरून सांगते.

स्प्रे सोडायची गरज नाही, मी अजूनही करते. माझ्यात दोनच गोष्टी असतात. मूठभर वाळ्याच्या मुळ्या तीन पाण्यांतून माती जाईपर्यंत धुवायच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, दुहेरी मलमलीतून गाळायचं. त्यात चौथा हिस्सा चांगलं गुलाबपाणी. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी उरलेलं झाडांना. महिनाभर टिकतं असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. मुळ्यांच्या पाण्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही, आणि तेच पाणी आपण घामोळ्यावर मारतो. वास बदलला किंवा तळाशी शेवाळी तार दिसली की बाटलीसकट नोझलही गरम पाण्याने धुवायचं. फिनाइलची किंवा काच पुसायच्या औषधाची रिकामी बाटली तर अजिबात नको.

पुदिना बाजारातला घालून गारवा येत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. कारण आपल्या भाजीवाल्याकडचा पुदिना बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो, त्यात मेंथॉल जवळपास नसतंच. गार करतं ते मेंथॉल, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं पुदिन्याचं फूल. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, वर तरंगतं, आणि एखाद्या फवाऱ्यात एकदम भरपूर येतं. डोळ्यात गेलं तर विचारू नका. मी घालत नाही. कापूरही नाही. घरात तान्हं किंवा दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर मेंथॉल-कापूर त्याच्या तोंडा-नाकाजवळ नेऊच नका, श्वास अडकू शकतो.

शिवाय मेंथॉलने अंग गार होत नाही, फक्त गार वाटतं. कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना ते जागं करतं. या नसा कशा काम करतात त्या शोधाला २०२१चं नोबेलही मिळालं. अंगातली उष्णता खरी कमी करतं ते वाळणारं पाणी. अकोल्या-भुसावळच्या कोरड्या हवेत म्हणूनच साधं पाणीसुद्धा झकास काम करतं, कूलरच्या ताट्यांचं तत्त्व तेच. मुंबईत, रत्नागिरीत मे महिन्यात हाच स्प्रे मारला तर अंग नुसतं चिकट होतं. तिथल्या बहिणींनी पंख्याखाली बसूनच मारावा. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर आमच्याकडच्या उन्हात स्प्रेपेक्षा ओला सुती दुपट्टा जास्त उपयोगी. डोक्यावर, मानेवर घ्या, वाळला की परत भिजवा.

ऊन लागून कुणी असंबद्ध बोलू लागलं, भोवळ आली, अंग तापलं तर मात्र स्प्रे शोधत बसू नका. सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा.

तुम्ही पोस्टच्या शेवटी लिहिलंय की त्याच स्प्रेची छोटी बाटली मुलगी उन्हाळी शिबिराला घेऊन जाते. ती बाटली आज रात्रीच रिकामी करा. तिने आज मारला असेल तर मान, हात साबणाने धुऊन काढा आणि पुढचे दोन-तीन दिवस तिला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाठवा. तिच्या अंगावर काही उमटलंय का, ते इथे नक्की कळवा.