जॅझ ऐकायला कुणापासून सुरुवात करावी? माझं उत्तर : पॉल चेंबर्सपासून

तुम्ही लिहिलंय की घरात हिंदुस्तानी संगीत ऐकत मोठे झालात, आता जॅझ ऐकावंसं वाटतंय आणि जमलं तर एलपीवर. पण नावांचा पसारा एवढा की कुठून आत शिरावं कळत नाही. 'शंभर सर्वोत्तम' छापाच्या याद्यांनी गोंधळ वाढलाच. शिवाय जुन्या मूळ रेकॉर्ड घ्याव्यात की नव्याने छापलेल्या, हेही विचारलंय.

याद्या बाजूला ठेवा. त्यांतल्या रेकॉर्ड चांगल्याच असतात, पण एका रेकॉर्डचं दुसरीशी नातं काय ते यादी सांगत नाही, आणि जॅझमध्ये सगळी मजा त्या नात्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५५ ते १९६५च्या सुमारास वाजवणारी मंडळी आज स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवर असत, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या साथीला. कव्हरच्या मागच्या बाजूला सगळ्यांची नावं आणि वाद्यं छापलेली असतात. बैठकीला गेल्यावर तबल्याला कोण बसलंय ते आपण आधी बघतो ना, तसंच कव्हर उलटं करून बघायचं. मोठ्या अक्षरातलं नाव तर कळलेलंच असतं. खालच्या बारीक अक्षरांतला एक माणूस धरा आणि त्याच्या मागे जा. माझा माणूस पॉल चेंबर्स, डबल बेस (खर्जातलं मोठं, उभं तंतुवाद्य) वाजवणारा.

पहिली रेकॉर्ड मात्र सगळे सांगतात तीच सांगते : माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत, कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. (२२ एप्रिल हा चेंबर्सचा वाढदिवस, त्या दिवशी तो २४ वर्षांचा झाला.) तुमच्या कानाला ती सोपी जाईल, कारण पहिल्या 'सो व्हॉट' या रचनेत स्वरसंगतींची धावपळ नाही. पियानो आणि बेसची छोटी प्रस्तावना झाली की मुखडा चक्क चेंबर्सच्या बेसवर येतो आणि बाकीचे त्याला दोन स्वरसंगतींचं उत्तर देतात. पेटी जवळ असेल तर पांढरी दोनचा सा धरा : काफी थाटाचे स्वर मिळतील. चार-चार मात्रांचे सोळा खंड हे असं चालतं, मग आठ खंड तेच स्वर काळी दोनवर सरकतात, मग परत आठ खंड पांढरी दोन. हे बत्तीस खंडांचं एक आवर्तन. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, सगळे त्याच आवर्तनावर आपापली बढत करतात. काळी दोनवर कधी गेले ते कान पकडायला लागला की अर्धं जॅझ तुमचं झालं.

यांतल्या पहिल्या तिघांची तुलनाही करा. माइल्स स्वर टाकतो आणि थांबतो. कोल्ट्रेन थांबतच नाही. ॲडर्लीच्या सॅक्सोफोनमध्ये चर्चमधल्या गाण्याचा हुरूप आहे. ही तीन माणसं एकाच आवर्तनावर इतकी वेगळी वाजवतात, हे कळायला मला कुठल्याही पुस्तकाची गरज लागली नाही, फक्त तीच बाजू परत परत लावावी लागली. तुम्हीही महिनाभर दुसरी रेकॉर्ड आणू नका.

आता चेंबर्सच्या मागे. जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन', १५ सप्टेंबर १९५७. ब्लू नोट कंपनीसाठी कोल्ट्रेनने स्वतःच्या नावावर केलेली ही एकच रेकॉर्ड. शीर्षकाची रचना म्हणजे बारा खंडांचा ब्लूज, म्हणजे आवर्तन छोटं, बोटांवर मोजता येण्याजोगं. मोजा. दोन-तीनदा चुकेल, मग सम सापडेल आणि सोलो कुठे सुरू होतोय, कुठे संपतोय ते दिसायला लागेल. इथे ट्रम्पेटवर ली मॉर्गन आहे, वय १९. त्याची पहिली फेक ऐकूनच 'हा कोण?' असं वाटतं.

तर आता मॉर्गनला धरा. पुढच्याच वर्षी, १९५८मध्ये, तो आर्ट ब्लेकीच्या 'मोनिन'वर आहे. पियानोवाला बॉबी टिमन्स एक ओळ टाकतो, बाकीचे त्याला 'आमेन' म्हटल्यासारखं दोन स्वरांत उत्तर देतात. ब्लेकीचे ड्रम्स ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघा : सोलो रंगायला लागला की तो मागून एक मोठा रोल देऊन वादकाला पुढच्या आवर्तनात अक्षरशः ढकलतो. साथ करणं म्हणजे काय, हे त्या एका रोलमध्ये आहे. मग डिसेंबर १९६३ची मॉर्गनचीच 'द साइडवाइंडर'. तिथे बेसवर बॉब क्रॅनशॉ. क्रॅनशॉला धरलंत की पोचाल सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या १९६२च्या 'द ब्रिज'वर.

रोलिन्सपाशी थोडं थांबते, कारण हा धागा आपल्या दारात येतो. १९५९मध्ये ऐन नावारूपाला आलेला असताना रोलिन्सने जाहीर वाजवणं बंद केलं आणि जवळजवळ दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज केला. रेकॉर्डचं नाव त्या पुलावरून. पुढे असाच दुसरा विराम घेतला तेव्हा तो मुंबईत आला आणि पवईच्या आश्रमात काही महिने योगाभ्यास करत राहिला. १९७८मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली तेव्हा तो इथे वाजवून गेला. 'द ब्रिज'मध्ये पियानोच नाही, त्या जागी जिम हॉलची गिटार आहे. ती इतकी संयमाने वाजते की रोलिन्सच्या प्रत्येक वाक्यानंतर मोकळी जागा राहते. मला स्वतःला ही रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू'पेक्षाही जवळची आहे.

मूळ धाग्याला दुसरीकडूनही फाटा फोडता येतो. 'काइंड ऑफ ब्लू'चा पियानोवादक बिल एव्हान्स घ्या. कव्हरमागचा मजकूरही त्यानेच लिहिलाय. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये तो, ड्रम्सवर पॉल मोशन आणि बेसवर २५ वर्षांचा स्कॉट लाफारो वाजवत होते. त्या एका दिवसाच्या मुद्रणातून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' अशा दोन एलपी निघाल्या. ग्लासांचा किणकिणाट, मागच्या टेबलावरच्या गप्पा, सगळं त्यात आहे. लाफारोचा बेस इथे साथ करत नाही, पियानोशी बोलतो. ११ दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात तो गेला. हे माहीत झाल्यावर मागच्या गप्पा मारणाऱ्या माणसांचा राग येतो खरा, पण त्यांच्यामुळेच त्या खोलीत आपण बसलोय असंही वाटतं.

चेंबर्सचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा धागा म्हणजे 'आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन', जानेवारी १९५७. तिथे माइल्सचे तीन साथीदार लॉस एंजेलिसच्या एका सॅक्सोफोनवाल्याला भेटतात. तंबोऱ्याचा नाद हवा असेल तर ॲलिस कोल्ट्रेनची १९७१ची 'जर्नी इन सच्चिदानंद', हार्प आणि तंबोरा एकत्र. ती मात्र थोड्या उशिरा ऐका.

मुंबईच्या जॅझबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ते तुमच्या कानात आधीपासून आहे. ताजमहाल हॉटेलात १९३५पासून लिऑन ॲबीसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे बँड वाजत होते. त्यांचं ऐकून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेव्हियर वाझ, यांनी आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम केलं. १९५१च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवानदादांच्या नाचामागचे ते ब्रास पुन्हा ऐका; आता वेगळे ऐकू येतील. या वादकांची स्वतःची जॅझ मुद्रणं फार थोडी झाली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता रेकॉर्डची खरेदी. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जॅझ क्वचित हाती लागतं. ढीग असतो तो चित्रपटगीतांचा, जिम रीव्ह्ज आणि जेम्स लास्टचा. लुई आर्मस्ट्राँग, ग्लेन मिलर, डेव्ह ब्रुबेक ही नावं अधूनमधून निघतात, तीही बहुधा कुणा वांद्रे-माहीमकडच्या घरातल्या पेटीतून. सापडली तर रेकॉर्ड कव्हरमधून काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. केसासारखे ओरखडे पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. नख अडकेल असा ओरखडा असेल तर सोडा. मग डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून कडा बघा, वाकलेली आहे का. लेबलच्या भोकाभोवती बारीक पांढरट रेषा असतील तर ती खूप वाजलेली आहे. आपल्या हवेत पावसाळ्यात बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसतात. ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने बहुतेक वेळा निघतात. लेबल भिजू देऊ नका. घरी रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एकावर एक कधीच नाही. प्लेअर कुठलाही चालेल, फक्त सुईचं वजन कमी-जास्त करता येणारा घ्या. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर जड सुईने खाचा झिजवतात.

मूळ रेकॉर्डचं म्हणाल, तर ब्लू नोटच्या काही पहिल्या छपाया आज लाखांत जातात. त्या ओळखायची खूण लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात असते. तिथे 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' कोरलेलं असेल तर ती तबकडी रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली, म्हणजे छपाईसाठीच्या मूळ खाचा त्यांनी कोरलेल्या. हा माणूस १९५९पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत असे; 'ब्लू ट्रेन' तिथलीच. शेजारी कानासारखा दिसणारा एक वळणदार 'पी' असेल तर ती प्लास्टीलाइट कारखान्यात छापलेली, म्हणजे साधारण १९६६च्या आधीची. हे सगळं भिंगातून बघण्यात आनंद आहे, पण तुमचे पैसे त्यात घालू नका.

नव्या छपाया घ्या. ब्लू नोटची २०१९पासूनची 'टोन पोएट' मालिका मूळ टेपवरून कापलेली आहे आणि आवाज अप्रतिम आहे. तिच्याहून स्वस्त 'क्लासिक व्हायनल' मालिकाही चांगली. प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी या कंपन्यांच्या रेकॉर्डसाठी 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' शोधा. या मालिकेच्या १९८०च्या दशकातल्या जुन्या प्रतीही उत्तम वाजतात. सांभाळून राहायचं ते अनोळखी युरोपीय लेबलांपासून. १९६२पर्यंतची ध्वनिमुद्रणं युरोपात स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत, त्यामुळे तिथे ती कुणीही छापू शकतो, आणि छपाई कुठल्या टेपवरून केली की सीडीवरून, हे कव्हरवर बहुधा लिहिलेलं नसतं.

'काइंड ऑफ ब्लू'च्या बाबतीत तर नवी प्रत घेण्याला एक पक्कं कारण आहे. २ मार्चच्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं, आणि ती टेप पुढे नेहमीच्या वेगाने वाजवल्यामुळे अनेक वर्षं सगळ्या छपायांची पहिली बाजू किंचित चढी वाजत राहिली. १९९२मध्ये बरोबर वेगाची दुसरी टेप वापरून ते दुरुस्त झालं. जुनी प्रत लावून तुम्ही पांढरी दोनचा तंबोरा जुळवायला गेलात तर तो जुळणार नाही.

ऑनलाइन घेताना डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर आधी भाव बघा, आणि तिथल्या प्रतवारीत 'गुड' म्हणजे चांगली असं धरू नका. 'गुड' लिहिलेली रेकॉर्ड चांगलीच खरखरते. 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) या प्रतीच्या खाली जाऊ नये. 'ब्लू ट्रेन'पर्यंत पोचलात आणि कुठली छपाई घ्यावी ते ठरेना, तर कव्हरच्या मागच्या बाजूचा आणि त्या कोऱ्या पट्ट्यातल्या आकड्यांचा फोटो इथे टाका, बघून सांगते.