शाळा सुटल्यानंतरचे तास: पालकांचे आणि संयोजकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची आहे. हौसेने पोहण्याच्या सरावाला जायला लागली, आता चार महिन्यांत सोडायचं म्हणते. सक्ती करावी का?

आधी नकोसं नेमकं काय झालंय ते शोधा. ‘का सोडतेस?’ असं विचारलं तर ‘कंटाळा आला’ एवढंच उत्तर मिळतं. सरावाला जोडी कुणाची असते, कपडे बदलायच्या खोलीत कोण असतं, सर कुणावर ओरडतात, असं सुटंसुटं विचारा. या वयात सोडण्याचं कारण अनेकदा पाण्याबाहेर असतं. मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलेली असते, शरीर बदलू लागल्याने पोशाखाचा संकोच वाटतो, नाहीतर चारचौघांत अपमान झालेला असतो. पहिल्या कारणावर तुकडी बदलणं आणि दुसऱ्यावर अंगभर पोशाख हा सोपा उपाय आहे. अपमान बोलूनही थांबत नसेल तर खुशाल सोडू द्या. कारण नुसता कंटाळाच असेल तर चालू सत्र पूर्ण करायचं आणि मग निर्णय तिने घ्यायचा. मात्र हरून आलेल्या दिवशी हा विषय काढू नका.

प्रश्न: आमच्या मंडळाने १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी संध्याकाळी हॉल खुला केला. कॅरम आहे, टेबल टेनिस आहे, गाणी लावतो. वर्षभरात भांडणं आणि सिगारेटीच वाढल्या. त्रास देणाऱ्या आठ जणांचा वेगळा गट करून त्यांचं समुपदेशन करावं म्हणतो.

तो गट करू नका. अमेरिकेत १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-समरव्हिल प्रकल्पात मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून त्यांना काही वर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं बरंच काही दिलं गेलं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तेव्हा काही बाबतींत मदत मिळालेल्यांची अवस्था मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा शिबिराला गेलेल्यांचं झालं होतं. टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून यामागची एक शक्यता कळते. नियम मोडल्याची फुशारकी मारली की सोबती हसतात, आणि या वयात ते हसणं म्हणजे शाबासकीच. आठ जण एकत्र बसले की प्रत्येकाला सात प्रेक्षक मिळतात. समुपदेशन द्यायचंच असेल तर एकेकट्याला द्या.

हॉलचं दुखणं वेगळं आहे. स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात (महोनी आणि स्टॅटिन, २०००) आखीव उपक्रमांत रमणाऱ्यांत बेशिस्त वर्तन कमी आढळलं, तर नुसतं या-बसा असलेल्या युवा केंद्रांत जाणाऱ्यांत जास्त. तशीच मुलं तिथे जातात हे त्यामागचं एक कारण असेलही, पण मोकळा वेळ, मोठी टोळी आणि कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला मोठा माणूस हे मिश्रण वाईटच. तेव्हा हे करून बघा:

- दहा-दहाचे गट करा. प्रत्येक गटाला एकच मार्गदर्शक द्या आणि निदान सत्रभर तो बदलू नका.
- प्रत्येक गटाकडे तारीख ठरलेलं काम हवं: सहा आठवड्यांनी नाटुकलं, स्पर्धा, भित्तिचित्र, काहीही.
- ते आठ जण एका गटात दोनपेक्षा जास्त नकोत. त्यांच्याकडे खरी जबाबदारी द्या, म्हणजे किल्ल्या, ध्वनियंत्रणा, गुणलेखन. खुर्च्या उचलायला लावणं ही जबाबदारी नव्हे, ती शिक्षा वाटते.
- पहिली आणि शेवटची पंधरा मिनिटं मार्गदर्शकाने दाराशी थांबावं. बहुतेक मारामाऱ्या येता-जाता जुंपतात.

संख्या सुरुवातीला घटेल. घटू द्या.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा आहे, संगत बिघडली आहे. त्या मुलांशी बोलायचंच नाही असं बजावू का?

बजावलंत तर भेटी थांबणार नाहीत, तुम्हाला कळणं थांबेल. शिवाय संगतीने मुलगा बिघडला हे अर्धंच खरं असतं. डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये दाखवल्याप्रमाणे किशोर आपल्यासारखेच मित्र निवडतात आणि मग एकमेकांसारखे होत जातात. त्याला त्या टोळीत असं काय मिळतं जे दुसरीकडे मिळत नाही, हे आधी ओळखा.

मित्रांवर बंदी घालण्यापेक्षा प्रसंगांवर मर्यादा घाला. गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात (गार्डनर आणि स्टाइनबर्ग, २००५) १३ ते १६ वयाच्या मुलांनी सोबती पाहत असताना एकट्यापेक्षा सुमारे दुप्पट धोका पत्करला, प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणजे एरवी समंजस असलेला मुलगा चौघांत वेगळा वागतो. म्हणून कुठे, कोण, परत कधी आणि कुणाच्या गाडीवर, एवढं ठरलेलंच असावं. अडचणीत एक ठरलेला संदेश आला की तुम्ही न्यायला जायचं आणि त्या रात्री उलटतपासणी करायची नाही. स्टॅटिन आणि केर यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार आईवडिलांना जे कळतं ते मुख्यतः मुलाने आपणहून सांगितलेलं असतं, पाळत ठेवून मिळालेलं नव्हे. अमली पदार्थ, हत्यार किंवा वयाने खूप मोठा ‘मित्र’ असेल तर मात्र सरळ मनाई करा आणि बाहेरची मदत घ्या.

प्रश्न: १३ वर्षांच्या मुलीला एकच मैत्रीण आहे. काळजी करावी का?

मैत्री दोन्हीकडून असेल तर एक पुरते. लक्ष गप्पांवर असू द्या. तेच दुःख रोज उगाळणाऱ्या मैत्रिणी जवळ येतात, पण सोबत उदासीही वाढते, असं अमांडा रोज यांच्या संशोधनात दिसतं. दोघींना हाताने करायचं काही काम मिळालं की विषय आपोआप बदलतो.

प्रश्न: आठवड्याला किती तास क्लास असावेत?

आखीव खेळासाठी क्रीडावैद्यकात एक मोजमाप आहे: आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून जास्त नकोत, नाहीतर अतिसरावाच्या दुखापती वाढतात. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. इतर क्लासना असा आकडा नाही, तिथे उलटा हिशेब करा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती, शाळा, अभ्यास, प्रवास आणि रोज तासभर रिकामा वेळ वजा करा, आणि उरेल त्यातच क्लास बसवा. बसत नसतील तर कोणता सोडायचा ते मुलाला विचारा.