न्यूझीलंडच्या डोंगरात लांबून शिकार करायला भारीतला रायफल स्कोप कोणता घ्यावा?

भाऊ, तू रावेरचा, माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. तुझा प्रश्न असा की कँटरबरीत डेअरी फार्मवर नोकरी आहे, बंदुकीचं लायसन्स झालं, ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतली, लाल हरीण आणि ताहर (डोंगरी रानबकरा) यांच्यासाठी ८०० मीटरपर्यंत चालेल असा स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण, हवा. दुकानदार ५-२५×५६ घे म्हणतो, म्हणजे ५ ते २५ पट मोठं दाखवणारा, समोरचं भिंग ५६ मिलीमीटरचं, बजेट चार हजार न्यूझीलंड डॉलर.

माझं मत आधीच सांगतो: ५-२५ घेऊ नकोस. ३-१८ च्या जवळपासचा, हलका, पहिल्या फोकल प्लेनचा, मिलचे क्लिक असलेला (दोन्हींचा अर्थ खाली सांगतो) स्कोप घे. आणि ८०० चा आकडा सध्या डोक्यातून काढ.

मी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. तिथे लहान हत्यारांची काडतुसं बनतात. माझी बरीच वर्षं काडतुसांच्या चाचणीत गेली, म्हणजे बार उडवायचा, वेग मोजायचा, दूरच्या कागदावरची भोकं दुर्बिणीतून बघायची. भुसावळ-वरणगावचा मे महिना तुला सांगायला नको. सकाळी सातला जी भोकं स्वच्छ मोजता यायची, ती अकरानंतर दिसेनाशी व्हायची. तापलेल्या जमिनीवरून मृगजळ उठायचं आणि अख्खा कागद पाण्यात बुडाल्यासारखा हलायचा. नवा माणूस काय करायचा, दुर्बिणीचं मॅग्निफिकेशन आणखी वाढवायचा. त्याने कागद मोठा दिसायचा आणि हलणंही तेवढंच मोठं दिसायचं. आम्ही उलट कमी करायचो. काच कितीही उंची असली तरी मधली हवा तिला स्वच्छ करता येत नाही. तुमच्याकडे नॉरवेस्टर (वायव्येचा गरम वारा) सुटला आणि नदीचे गोटे तापले की तुलाही हेच दिसेल. दुपारी २५ वर ठेवलेला स्कोप १२ वर आणावा लागतो, म्हणजे ज्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजले तोच पडून राहतो.

दुसरं कारण उजेडाचं. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन, इतक्या मिलीमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. ५६ ला २५ ने भाग, सव्वादोन मिलीमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलीमीटरपर्यंत उघडते. मग संध्याकाळी हरीण झाडीबाहेर येतं त्या वेळी २५ वर चित्र काळवंडलेलंच दिसणार. तोच स्कोप १० वर आणला की ठिपका साडेपाचचा होतो आणि चित्र उजळतं. ४४ चं भिंगही ८ वर तेवढाच ठिपका देतं, शिवाय वजन वाचतं.

तिसरं कारण मी डोळ्यांनी पाहिलं. न्यूझीलंडला पुतण्याकडे दोन महिने राहायला गेलो होतो, तेव्हा त्याच्याबरोबर डोंगरात जायचो. बंदूक माझ्या हातात नसायची, फक्त दुर्बीण. त्याच्याकडे ६-२४ चा स्कोप होता. एका पहाटे बीच नावाच्या झाडांच्या रानातून उतरताना वीस-पंचवीस पावलांवर हरीण उभं राहिलं. त्याने रायफल खांद्याला लावली, आणि सर्वात कमी सहावर ठेवूनही काचेत नुसते तपकिरी केस! खांदा कुठला, पोट कुठलं, कळेना. त्याने बार टाकला नाही, हे शहाणपण केलं. तीन-साडेतीनपासून सुरू होणारा स्कोप का म्हणतो, ते यावरून समज. लांबच्या तयारीने गेलेल्या माणसाला सावज जवळ भेटतंच.

आता ८०० मीटरचं. तुझी रायफल १०० मीटरवर झीरो केली असेल, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली असेल, तर ५०० वर साधारण पावणेदोन मीटर खाली येते आणि ८०० वर साडेपाच-सहा मीटर. ही घसरण मोजून क्लिक फिरवता येते, ते अवघड नाही. अवघड आहे वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५०० मीटरवर गोळीला जवळजवळ दोन विती सरकवतो आणि हरणाचं मर्मस्थान जेमतेम वीतभर. दरीच्या या अंगाला वारा वेगळा, त्या अंगाला वेगळा. शिवाय ८०० मीटरला गोळी पोचायला सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं आणि छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. पुतण्याच्या एका मित्राने असाच लांबून बार टाकला होता. जनावर बसलं, उठलं आणि घळीत उतरलं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी परत गेलो, सापडलं नाही. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून तुला कळकळीने सांगतोय. पहिल्या वर्षी ३०० मीटरची मर्यादा घाल. झोपून, बॅगेवर रायफल टेकवून, वाऱ्याच्या दिवशी पहिलीच गोळी दहापैकी दहा वेळा वीतभर पाटीवर बसायला लागली, की मर्यादा थोडी वाढव.

पहिला फोकल प्लेन म्हणजे मॅग्निफिकेशन वाढवलं की आतल्या रेघाही मोठ्या होतात, म्हणून रेघेवरचं माप कुठल्याही आकड्यावर खरं राहतं. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये ते एकाच ठरलेल्या आकड्यावर खरं असतं. गडबडीत तो आकडा बघायचं राहून जातं. पहिल्याचा तोटा असा की कमी मॅग्निफिकेशनवर रेघा केसासारख्या बारीक होतात, तेव्हा मधला दिवा लागणारा घे. मिल की एमओए, म्हणजे नेम सरकवायच्या फिरकीवर कोनाचं कुठलं माप हवं, यावर लोक भांडतात. तू मीटरमध्ये विचार करतोस, मग मिलच. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर एक सेंटीमीटर, ५०० वर पाच.

नावं विचारलीस. डोंगर चढायचा असेल तर ल्युपोल्ड मार्क फाइव्ह एचडी ३.६-१८×४४ माझी पहिली पसंती. वजन पाऊण किलोच्या आत, आणि उंचीचा टरेट (नेम वर-खाली करायची फिरकी) झीरोवर लॉक होतो, त्यामुळे झुडपाला घासून फिरत नाही. नाइटफोर्स एनएक्सएट २.५-२०×५० दणकट आहे आणि खाली अडीचपर्यंत येतो, पण वरच्या आकड्यांवर डोळा अगदी नेमक्या जागी ठेवावा लागतो. दुकानात मान वाकडी करून, झोपून, बसून बघ. दुकानदाराचा ५-२५×५६ नाइटफोर्स एटीएसीआर असेल तर तो किलोच्या वर जातो. निशाणेबाजीच्या रेंजवर तो उत्तम, ताहरच्या कड्यावर नाही. स्वारोव्स्कीच्या झेडएटआयची काच संध्याकाळी डोळे निववते, पण तो दुसऱ्या फोकल प्लेनचा. झाडीच्या कडेला दबा धरून २०० मीटरच्या आतलंच करणार असशील तर मी तोच घेईन.

कोणताही घेतलास तरी पावती जपून ठेव आणि पहिल्याच आठवड्यात एक तपासणी कर. लोक महागड्या वस्तूवर विश्वास ठेवून ही टाळतात. १०० मीटरवर सव्वा मीटर उंच कागद लाव. गवंड्याचा ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मार. खाली एक ठिपका. त्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. मग टरेट दहा मिल वर फिरव, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर ठेवून आणखी तीन. दोन्ही झुबक्यांच्या मध्यांमध्ये बरोबर एक मीटर अंतर हवं आणि दोन्ही रेघेवर हवेत. ९६ सेंटीमीटर आलं तर क्लिक खोटे बोलतायत, परत कर. झुबका रेघेपासून बाजूला गेला तर स्कोप वाकडा बसलाय किंवा तू रायफल तिरपी धरतोस. हे तिरपेपण किरकोळ वाटतं, पण नुसतं पाच अंशांचं असलं तरी ५०० मीटरवर १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. डोंगराच्या उतारावर नजरेला सरळ काय ते कळत नाही, म्हणून पाणसळीची छोटी नळी स्कोपवर बसवून घे. शेवटी टरेट शून्यावर आणून पुन्हा तीन गोळ्या मार, त्या पहिल्याच जागी बसल्या पाहिजेत. पुतण्याचा ६-२४ इथेच नापास झाला होता, तोवर तो दोन वर्षं दोष स्वतःच्या हाताला देत होता.

काडतुसांबद्दल माझ्या कामातली एक गोष्ट. दारू गरम झाली की गोळीचा वेग वाढतो, गार झाली की घटतो. किती फरक पडतो ते दारूच्या जातीवर असतं. तिकडच्या उन्हाळ्यात, जानेवारीत, रेंजवर झीरो करून जुलैच्या हिवाळ्यात बर्फात जाणार असशील, तर गार सकाळी पुन्हा कागदावर मारून बघ.

आणखी एक, आणि हे ऐकच. जनावर ओळखायला स्कोप वापरायचा नाही, गळ्यात दुर्बीण हवी. स्कोपमधून जिथे बघतोस तिथे नळी रोखलेली असते, आणि झुडपामागे हललेलं माणूसही असू शकतं. तिकडच्या सुरक्षा नियमांत निशाण निःसंशय ओळखल्याशिवाय घोडा दाबू नये हा नियम आहे, तो घोकून ठेव. चार हजारांतले हजार-बाराशे चांगल्या ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणीला आणि लेझर रेंजफाइंडरला बाजूला काढ, आणि स्कोप उरलेल्यात बसत नसेल तर वापरलेला बघ.

हे उत्तर रावेर-यावलकडची पोरंही वाचतील. त्यांच्यासाठी सांगतो की आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे, सातपुड्यात यातलं काहीही चालत नाही. न्यूझीलंडची गोष्ट निराळी. हरणं बाहेरून आणलेली, आपला हिमालयातला ताहर १९०४ साली माउंट कुकजवळ सोडलेला. आता ते तिथली रोपं खाऊन संपवतात, म्हणून सरकारी जमिनीवर संवर्धन खातं शिकारीचा परवाना देतं. तो काढूनच जा.

मार्क फाइव्ह घेतलास तर रिंगा ३५ मिलीमीटरच्याच माग. ३४ च्या रिंगेत ती नळी बसत नाही आणि बहुतेक दुकानांत ३० आणि ३४ च्याच पुढ्यात ठेवलेल्या असतात. स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नकोस, रिंगवाल्याने दिलेल्या आकड्याला टॉर्क पाना लावून आवळ. स्कोप बसवताना अडलास तर रायफलीचा फोटो टाक, बघून सांगतो.