गळ कुठला ते सांगतो, पण आधी वही घ्या

तुमचा प्रश्न वाचला. चौघं मित्र, बीएस्सीचं दुसरं वर्ष, झूलॉजी, दर रविवारी पंचगंगेवर गळ टाकायचे आणि मिळतील त्या माशांवर प्रोजेक्ट करायचा, तर गळ कुठला घेऊ आणि किती मासे मिळाले की प्रोजेक्ट पास होईल. गळाचं सांगतोच, पण दुसरा प्रश्नच चुकलाय आणि त्यासाठीच लिहायला बसलो, कारण हीच माती आम्ही पण खाल्लेली.

आम्ही पाच जण होतो. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याखाली सहा रविवार बसलो, सोबत भडंग, थर्मासमध्ये चहा, आणि दंगा तर विचारूच नका. वहीत काय लिहिलं, तर चिलापी (म्हणजे तिलापिया) 7, मरळ 1, एक वाम हातातनं निसटली. ज्या रविवारी काहीच लागलं नाही त्या रविवारचं पानच नाही! सरांनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, सात चिलापी किती गळांना आणि किती तासांत? पाचातल्या एकालाही सांगता येईना. मग पुढचे दोन महिने सगळं पहिल्यापासून केलं, तेही परीक्षा तोंडावर असताना.

म्हणून सांगतो, मासे किती ते नंतर, आधी पाण्यात गळ किती वेळ होते ते लिहा. समजा चार गळ तीन तास टाकले, म्हणजे 12 गळ-तास झाले, आणि सहा मासे लागले तर दर गळ-तासाला अर्धा मासा. आता हाच आकडा बंधाऱ्याच्या वरचा आणि खालचा, सकाळचा आणि संध्याकाळचा, असा शेजारी शेजारी ठेवता येतो, नाहीतर ती नुसती ट्रिप. आणि शून्य आलं तर शून्य लिहायचं, लाज नाही वाटू द्यायची, ते पान सगळ्यात कामाचं असतं.

आता गळ. वेळूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, थोडं शिसं, वर तरंगायला थर्माकोलचा तुकडा नाहीतर मोरपिसाची काडी, बास. महागाच्या रीलच्या नादाला लागू नका. दुकानात गळ मागताना लक्षात ठेवा, साध्या गळांत नंबर वाढेल तसा गळ बारीक होतो, 10 नंबर 6 पेक्षा बारीक. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही, थोडे निसटतील, निसटू देत. सगळ्यांनी एकाच नंबरचा गळ आणि एकच आमिष वापरायचं, एकानं गांडूळ आणि दुसऱ्यानं कणीक असं केलं की तुलना संपली. आमिष बदलायचंच असेल तर दिवस ठरवून बदला आणि वहीत लिहा. गांडुळाला वाम, मरळ, शिंगाळा येतात, कणकेला रोहू, मृगळ, चिलापी.

यावरनं लक्षात आलंच असेल की जो गळाला तोंड लावतो तोच मासा तुमच्या वहीत येणार, बोटाएवढे बारीक मासे येणारच नाहीत. तेव्हा प्रोजेक्टला 'पंचगंगेतील मासे' असलं नाव देऊन फसू नका, 'गळाला लागणारे मासे' म्हणा, परीक्षकाचं तोंड तिथंच बंद होतं. बाकीच्या माशांसाठी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्या कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. आम्हाला एक मामा भेटले होते, पहिले दोन रविवार ते बोललेच नाहीत, तिसऱ्या रविवारी चहा दिला तर सगळी पाटी आमच्यापुढं ओतली, मोजा म्हणाले. त्या एका पाटीत आमच्या सहा रविवारांपेक्षा जास्त जाती होत्या.

मोजमापाचं म्हणाल तर लाकडी फळीवर स्केल चिकटवा, हात ओले करून मासा धरा, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्या आणि मग शेवटपर्यंत तीच पद्धत ठेवा. वजनाला किचनमधला डिजिटल काटा चालतो. स्केलसकट फोटो काढा आणि सोडून द्या. लांबी-वजनाचा संबंध काढायचा असेल तर एकाच जातीचे निदान तीसेक मासे हवेत आणि तेवढी फक्त चिलापीच मिळेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. दोन्हीचा लॉगॅरिदम घेऊन एक्सेलमध्ये रेष काढा, त्या रेषेचा उतार 3 च्या आसपास आला की बरोबर चाललंय. चिलापी आपली नाही, मोझांबिक चिलापी 1952 मध्ये भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, आमच्या एका चिलापीच्या तोंडातनं पिल्लं टपाटप बाहेर पडली तेव्हा आमच्यातला एकजण घाबरून काठीच टाकून पळाला होता.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असाल तर विंकलर पद्धतीची दोन्ही रसायनं नदीवरच बाटलीत घाला, लॅबमध्ये नेईपर्यंत थांबलात तर आकडा खोटा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम लागतो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून वेळ लिहा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर गळ बाहेर काढा, फक्त पाण्याची नोंद घ्या. खाली तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्हाला माहीत आहेतच.

आणि हे न चुकता वाचा. गुडघाभर पाणी दिसतंय म्हणून आत उतरू नका. वाळू उपशाचे खड्डे वरनं दिसत नाहीत, आमचा एकजण एक पाऊल पुढं टाकला आणि डोक्यावर पाणी, वेळूची काठी पुढं केली म्हणून वाचला. चौघांतला एक कायम काठावर, दोरी घेऊन. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचं काम चालू असेल तर त्या बाजूला फिरकायचं नाही. कृष्णेला औदुंबर-भिलवडीकडं जाऊ म्हणणारा कुणीतरी ग्रुपमध्ये असतोच, त्याला सांगा तिकडं मगरी आहेत.

जूनमध्ये तर जाऊच नका. पूर येतो ते एक, पण पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात ते पोटात अंडी घेऊन. फेब्रुवारी ते मे बरा. उन्हाळ्यात मरळीच्या भोवती तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला तर ती मरळ सोडून द्या, आई-बाप राखण करत असतात.

मऊ पाठीचं कासव गळाला आलं तर तंगूस कापून हळूच सोडा, कायद्यानं संरक्षित आहे, फोटोसाठी धरून बसू नका. आफ्रिकन मांगूर मासा आला तर मात्र परत पाण्यात टाकायचा नाही, त्याच्या पैदाशीवर बंदी आहे. तो कसा ओळखायचा ते त्या पागवाल्या मामांनाच विचारा, आणि ते माशांना जी नावं सांगतील ती वहीत तशीच्या तशी लिहा, शास्त्रीय नाव घरी जाऊन शोधा. आमच्यातल्या दोघांनी उलटं केलं होतं आणि एकाच माशाच्या दोन जाती करून ठेवल्या होत्या.